छत्रीतली पाहुणी

पाडवा, ६ एप्रिल २००८

आज वारंगा फाट्यावर माझं नेट कॅफे सुरू झालं. 'नेमसिंग कम्प्युटर्स', बाच्या नावानं. बा असता तर म्हणाला असता, माझं कशाला, देवाचं नाव दे. आणि मग रोज येऊन पाटी स्वतःच पुसत बसला असता. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा आहे. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की गिऱ्हाईक उडतं.

शेजारच्या टपरीवरच्या शेषरावकाकांनी नारळ फोडला आणि आत डोकावून विचारलं, "शिलाबाई, याच्यात दिसते काय?"

"सगळं जग दिसतं, काका."

"मंग माझा साडू दिसल का पाहा. पुसदला गेला तवापासून फोन उचलून न्हाई राहिला."

साडू काही दिसला नाही. पण त्या निमित्तानं त्यांनी अर्धा तास ट्रॅक्टरचे फोटो पाहिले आणि माझी बोहणी झाली.

आमच्या तांड्याचे नाईक, गुलाबचंदकाका, खास जीप करून आले. खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिरगापर्यंत पाहू. धंदा चालला तर राहा. न्हाई चालला तर मी सोता तुला उमरखेडला सासरी सोडून येतो. पोरगी नांदली पाहिजे." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, मिरग येऊ द्या, मी इथेच असेन.

याडी, म्हणजे माझी आई, आली नाही. मिरच्या वाळत घालायच्या होत्या म्हणे.

११ एप्रिल

कोर्सला सर सांगायचे, रोज एक पान टाईप करा म्हणजे हात बसतो. भारनियमनात हात बसत नाही, नुसतं माणूस बसतं. म्हणून डायरी पेनानंच लिहिते. घरचं बोलणं आमच्या गोरमाटीत असतं, ते इथं मराठीत उतरवते.

आज फाट्यावर गंमत झाली. आमच्याच समाजाच्या दोन बाया वेगवेगळ्या जीपमधून उतरल्या, एकमेकींना पाहिलं आणि गळ्यात पडून मोठ्यानं सुरात रडायला लागल्या. लक्झरी बसमधली माणसं खिडकीतून वाकून पाहत होती. शेषरावकाका पाणी घेऊन धावले. "कोण वारलं वं बाई?" बाया डोळे पुसून हसल्या. कोणी वारलं नव्हतं, मामेबहिणी होत्या, फार दिवसांनी भेटल्या एवढंच. आमच्यात भेट अशीच होते. रडता रडता सगळं विचारायचं असतं असं लोकांना वाटतं, पण उलट आहे. रडताना काहीच विचारायचं नाही. तू आलीस, वाट किती लांब, पाय किती पोळले, एवढंच म्हणायचं. मग पाणी द्यायचं, की आलेलं माणूस त्या घरचं झालं. चौकशी त्यानंतर. याडीचं वाक्यच आहे: आधी भेटावं, मंग इचारावं.

मी दिवाळीनंतर उमरखेडहून आले ती एका पिशवीनिशी. नवऱ्यानं हात उचलला तो काही पहिल्यांदा नाही, पण मी ठरवलं की हा शेवटचा. याडी दारात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "काहून आली?" मी सांगितलं. तिनं भाकरी वाढली. भेट राहिली ती राहिलीच. मला त्याचं काही नाही. शिकलेल्या माणसाला सुरात रडायची गरज नसते.

१५ एप्रिल

दिवसभरात एक झेरॉक्स विचारायला आला. माझ्याकडे झेरॉक्स नाही.

याडीचे डोळे हल्ली संध्याकाळी लालभडक असतात. आमच्या घरामागे माळावर बाची जुनी छत्री आहे. शहाण्णव साली त्यानं तांड्यावर केबल आणली तेव्हाची ही आठ फुटी डिश. नंतर घरोघरी छोट्या थाळ्या आल्या, बा गेला, आणि याडीनं ती दगडांवर उताणी मांडून तिच्यात मिरच्या वाळवायला सुरुवात केली. मधल्या दांड्याला लसणाच्या जुड्या. मी फाट्यावरून परत येईपर्यंत ती रोज तिथेच मिरच्या निवडत बसलेली असते. म्हटलं, तोंडाला फडकं बांधत जा. यंदाची मिरची फारच तिखट निघाली आहे.

१९ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

लाईट गेली म्हणून मी लवकर निघाले. ऊन कलतं होतं. माळावरून रडण्याचा सूर ऐकू आला, आमचा भेटीचा. एक आवाज याडीचा. दुसरा बारीक, लांबून आल्यासारखा. मला वाटलं तेलंगणातली पारुमावशी आली. पळत गेले.

पारुमावशी नव्हती. कोणीच नव्हतं. याडी छत्रीच्या मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी कवळून रडत होती, आणि दुसरा आवाज छत्रीतून येत होता. बाईचा आवाज, आमच्या बोलीत. "आली गं माझी लाडाची. एकटी आली. पिशवी एकच. पाय पोळले गं." याडी थांबली की तो चढायचा, तो थांबला की याडी. पाठीवरच्या ओढणीला लावलेल्या आरशांत, एकेका आरशात, निळा ठिपका होता. मी वर पाहिलं. आभाळ मोकळं. परत आरशात पाहिलं, ठिपका होता.

मी मोबाईल काढला आणि शूटिंग केलं. भीती वाटली, तरी केलं.

याडीनं रीतीप्रमाणे रडणं संपवलं, डोळे पुसले, घरातून तांब्याभर पाणी आणून मिरच्या बाजूला सारून छत्रीत ठेवलं आणि मगच विचारलं, "कोण गं बाई तू?"

मी म्हटलं, "याडी, ओळखत नव्हतीस तर गळ्यात कशाला पडलीस?"

"लांबून कोणी भेटत आलं तर आपुन काय हात जोडून उभं ऱ्हायचं? पारुच वाटली मला. न्हाई निघाली. आता कोणाची का असंना, पाहुणीच हाय."

आरशातला निळा ठिपका मान हलवावी तसा हलला.

२२ एप्रिल

व्हिडिओ नेटवर टाकला. दीड मिनिटाचा व्हिडिओ चढायला अख्खी दुपार लागली. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून. नाव दिलं, 'छत्रीतून येणारा आवाज, हिंगोली जिल्हा'. खाली रडण्यातले शब्द इंग्रजीत लिहिले, डिक्शनरी घेऊन. 'पिशवी एकच' ला अडले. पारुमावशी कधी एका पिशवीनं येत नाही, तिच्याबरोबर कोंबडीसुद्धा असते. जुन्या गाण्यातले शब्द असतील म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

हे मी का केलं ते खरं लिहिते. मिरग जवळ येतोय आणि कॅफेत माशा आहेत.

२८ एप्रिल

व्हिडिओ पाहणाऱ्यांचा आकडा परवा वाचता येत होता. आज वाचताना स्वल्पविराम मोजावे लागतात.

ब्राझील कुठं आहे ते नकाशात पाहिलं. तिथल्या एका बाईनं लिहिलंय की ती रोज झोपण्यापूर्वी माझ्या आईचं रडणं ऐकते. एकानं लिहिलंय, हा परग्रहावरचा जीव दुःखात आहे, त्याला कोंडून ठेवलंय, सोडवा. त्यावर अमेरिकेत सह्या गोळा होतायत. मी उत्तर लिहिलं की तो दुःखात नाही, भेटून राहिलाय. कोणी वाचलं नाही. बाकी अर्ध्यांनी 'खोटं' लिहिलंय. खोटं म्हणणारेही पाच-पाचदा पाहतात, तेव्हा आकड्याला काही फरक पडत नाही.

पेपरात फोटो आला. याडीचा डोळे मिटलेला आणि माझा अर्धाच.

४ मे

नांदेड, परभणी, यवतमाळ, कुठून कुठून गाड्या. औंढ्याला दर्शनाला आलेले लोक परस्पर जीप करून छत्री पाहायला येतात. सगळे माझ्या कॅफेत बसून आधी व्हिडिओ पाहतात, मग वाट विचारतात. दोन्ही कम्प्युटरना विसावा नाही. शेषरावकाकांनी 'पाहुणी स्पेशल चहा' अशी पाटी लावली. चहा तोच आहे, आलं जास्त.

नाईक येऊन गेले. "चांगलं चाललं," म्हणाले. उमरखेडचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम दोनदा पाणी विचारलं.

तांब्यातल्या पाण्याचं सांगायचं राहिलं. याडी रोज संध्याकाळी छत्रीत पाणी ठेवते. काल ते सकाळी गोठलेलं होतं. मे महिन्यात, आमच्या माळावर, जिथे दगडावर पापड भाजावा. बर्फाचा फोटो टाकला तर लोक म्हणाले, फ्रीजमधला. आमच्या तांड्यात फ्रीज एकट्या नाईकांकडे आहे, तोही लाईट नसल्यामुळे कपडे ठेवायच्या कामाचा.

९ मे

चॅनलवाले आले. त्यांचा विजयकुमार म्हणून एक मनुष्य आहे, शर्टाला घडी अजून दुकानातली. त्याला आज संध्याकाळी सात वाजता थेट प्रक्षेपणात याडीचं रडणं हवं होतं. सगळा देश पाहील म्हणाला.

याडी मिरच्यांचे देठ तोडत होती. वरसुद्धा पाहिलं नाही. "सात वाजता येते म्हून तिनं सांगितलं का तुमाला?"

"तुम्ही सुरू करा आजी, मग येईल ती."

"बलावून रडाया मी काय बँडवाली हाय? भेट झाली की रडू येते. रोज घरात ऱ्हायलेल्या माणसाला कोणी भेटते का?"

मी तिला बाजूला नेऊन समजावलं. हे चाललं तर मला कोणी उमरखेडला पाठवू शकणार नाही, हेही सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोळे चुरचुरतात बाई, मिरची लागली." आणि घरात गेली.

मग मीच उभी राहिले. सूर मला माहीत आहे, लहानपणापासून ऐकलाय. दांड्याला कवळलं, डोळे मिटले, रडले. छत्री गप्प. पुन्हा रडले. आरशांचा दुपट्टा पांघरून रडले. विजयकुमार घड्याळ पाहायला लागला. तांड्यातल्या म्हाताऱ्या, पोरी, सगळ्यांच्या आवाजाला ती काही ना काही हुंकार देते. माझ्याच आवाजाला देत नाही. सूर बराबर होता माझा.

१३ मे

पुण्याहून कोमल मॅडम आल्यात. आवाजाचा अभ्यास करतात, चाळिशीच्या, बोलणं कमी. शाळेच्या खोलीत मुक्काम. बॅटरीवर चालणारं रेकॉर्डिंगचं यंत्र छत्रीपाशी लावून ठेवलंय. याडीला त्या आवडल्या, कारण त्यांनी पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही, नुसत्या मिरच्या निवडू लागल्या आणि शिंकत बसल्या.

आज त्यांनी सांगितलं, "आवाज छत्रीतून निघत नाही. वरून येतो आणि छत्रीत गोळा होतो. आणि छत्री जे गोळा करते ते वरही फेकते. मला वाटतं, हे पहिल्यांदा वरच्यांनी सुरू केलं नाही. खूप दिवस कोणीतरी इथे बसून वर काहीतरी पाठवत होतं. ते ऐकूनच ते आले."

मी म्हटलं, मॅडम, इथं मिरच्यांशिवाय कोणी नसतं.

संध्याकाळी छत्री नवं काही बोलली. रडणं नाही, साधं बोलणं, शब्द तेच पण जोडणी वेगळी. "वाट लांब. आली. पाणी गोड." आमच्या माळावरचं पाणी मचूळ आहे. याडी मात्र दिवसभर खूश होती.

१८ मे

चॅनलनं अर्धा तास माझी बदनामी केली. नाव ठेवलं 'छत्रीचा पर्दाफाश'. मुंबईच्या कुठल्या तज्ज्ञानं दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून तपासले, आणि छत्रीतला आवाज जिवनबाईचाच, म्हणजे याडीचाच, निघाला. ताणलेला, बारीक केलेला, पण तिचाच. म्हणजे पोरीनं आईचं रडणं आधी टेप केलं, छत्रीत स्पीकर लपवला आणि जगाला बनवलं.

मला फोनवर घेतलं होतं. मी सांगितलं, व्हिडिओच्या त्या दिवसाआधी माझी आई कित्येक महिन्यांत एकदाही रडलेली नव्हती, बा गेला तेव्हाचीच शेवटची. टेप करणार कुठून? विजयकुमार हसला. ते हसणं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

मी खोटी नाही. हे मी शाईनं लिहिते.

२० मे

कॅफेत माणूस नाही. कुणीतरी पाटीवर शेण मारलं, बाच्या नावावर. मी आणि शेषरावकाकांनी धुतली. त्यांनी स्पेशल चहाची पाटी मात्र काढली नाही. म्हणाले, "मी चहा इकून राहिलो, एलियन न्हाई."

ब्राझीलच्या बाईनं लिहिलं, तू माझा विश्वासघात केलास. हे सगळ्यात जास्त लागलं. ती कोण, मी कोण.

२२ मे

नाईकांनी लिंबाखाली बैठक बोलावली. म्हणाले, "तांड्याचं नाव खराब झालं. पोरीच्या जातीनं घर सोडलं की असंच व्हते. मिरगाची वाट आता काहून पाहायची? येत्या आइतवारी मी जीप घेऊन येतो. उमरखेडला माझं बोलणं झालं." सगळे माना हलवत होते. याडी बायांमध्ये बसली होती. ती बोलेल असं वाटलं. बोलली नाही.

मी उभी राहून सांगितलं की मी जाणार नाही. नाईक म्हणाले, "आइतवारी पाहू."

पाहूच. जीपपुढे आडवी पडेन. पण त्याआधी हे खरं करून दाखवीन. कोमल मॅडमच्या यंत्रापुढे स्पीकरची लबाडी लपत नाही. रविवारी नाईकांसमोर, सगळ्या तांड्यासमोर, छत्री बोलली पाहिजे.

२४ मे

याडीला विनवलं, रागावले, शेवटी हात जोडले. "उद्या सगळ्यांसमोर एवढंच सांग की व्हिडिओ काढला त्या दिवसाच्या आधी तू छत्रीपाशी कधीच रडली नव्हतीस. एवढं एक वाक्य."

ती मिरच्या पोत्यात भरत होती. भरतच राहिली.

"इतकंही तुझ्यानं होत नाही? खरं तेच सांगायचंय ना?"

"जेवून घे," म्हणाली.

मला वाटतं तिलाही मी गेलेली हवी आहे. लिहायला नको होतं, पण वाटतं ते वाटतं.

रविवार, २५ मे

सावकाश लिहिते.

नाईकांची जीप दुपार कलल्यावर आली. सगळा तांडा माळावर. लाईट नव्हती. कोमल मॅडमचं यंत्र चालू होतं, त्या लांब बाभळीखाली बसल्या होत्या. नाईकांनी माझी पिशवी मागितली. दिवाळीनंतर आणली तीच पिशवी, याडीनं भरून दारात ठेवली होती.

ती पिशवी पाहिली आणि माझं डोकं रिकामं झालं. जीपपुढे आडवी पडणार होते, तेही आठवलं नाही. मी पिशवी उचलली, छत्रीपाशी गेले आणि म्हटलं, "बोल. जायच्या आधी एकदा बोल. मी लबाड नाही हे एवढं सांग."

आवाज आला. पण सूर भेटीचा नव्हता. एकट्या माणसाचं हळू रडणं होतं. याडीचा आवाज, आणि या वेळी ताणलेला नाही, स्वच्छ, जसाच्या तसा.

"आली गं माझी लाडाची. एकटी आली. पिशवी एकच. आन् मी इचारलं, काहून आली. सूप खाली ठेवलं, हात रिकामे व्हते माझे, अन् इचारत बसली. पाय पोळलेले दिसले, तरी इचारलं. आता कशी भेटू? रोज डोळ्यापुढं हाय, आता कोणत्या तोंडानं भेटू?"

सगळा माळ ऐकत होता. छत्री पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. थोडं वेगळं, वेगळ्या दिवसाचं. मग आणखी एका दिवसाचं. मागून मिरच्यांचे देठ तुटल्याचा आवाजही येत होता.

मी मागे वळले. याडी उभी होती. ओढणीच्या आरशांत निळे ठिपके होते आणि ती तोंड झाकत नव्हती. मी म्हटलं, "मिरची फार तिखट होती ना यंदा."

तिनं पिशवी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि गळ्यात पडली. तिनं सूर धरला. पुढचं मला नीट आठवत नाही. वरून छत्रीतली पाहुणीही सुरात मिळाली, हे आठवतं. एवढंच आठवतं की कोणी काही विचारत नव्हतं.

थांबलो तेव्हा ऊन उतरलं होतं. याडीनं डोळे पुसले आणि पाणी आणलं. यावेळी तांब्या छत्रीत ठेवला नाही, माझ्या हातात दिला. मी प्याले. मचूळ होतं. मग दुसरा तांब्या छत्रीत ठेवला.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. नाईकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बंद कर." ड्रायव्हर समाजाबाहेरचा, त्याला समजेना. नाईक त्याला म्हणाले, "भेट झाली रे. लेकीला आईनं भेटून पाणी देलं, आता ती या घरची. ती सोता म्हणल तवाच जाईल. तवर तिला कोणी हात धरून नेऊ शकत न्हाई, मी बी न्हाई." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उमरखेडला मी कळवतो." आणि चालत घरी गेले. जीप रिकामी परत गेली.

छत्री शेवटचं बोलली ते फक्त आम्ही दोघींनी जवळून ऐकलं. "भेट झाली. वाट लांब." याडी तिच्यासाठीही थोडं रडली, निरोपाचं. आरशांतले ठिपके एकेक करून गेले.

२९ मे

छत्री गप्प आहे. तांब्यातलं पाणी सकाळी गरम असतं. याडी तरी ठेवते.

नेटवर मी एकच लिहिलं: चॅनलवाले म्हणतात तो आवाज माझ्या आईचा आहे, ते बरोबर आहे. ती रडली नव्हती हे मी सांगितलं, ते चूक होतं. मला माहीत नव्हतं. स्पीकर नव्हता. विश्वास ठेवायचा तर ठेवा. याखाली पुष्कळ शिव्या आल्या. ब्राझीलच्या बाईनं मात्र लिहिलं की तिनं आपल्या आईला फोन केला.

मिरग, ७ जून

मिरग आला आणि मी इथेच आहे. बारावीच्या निकालाला कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. पास झालेल्या पोरांच्या पेढ्यांनी शेषरावकाकांची टपरी भरली. नापासांना त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, या बाईला अख्ख्या टीव्हीनं नापास केलं होतं, पाहा कशी बसली हाय. पंखा अजून तसाच आहे. आता कागदांवर छत्रीखालचे दगड ठेवते.

दुपारी पुण्याहून कोमल मॅडमचा फोन आला. एरवी शांत बाई, आज आवाज वर गेला होता. रविवारचं रेकॉर्डिंग त्यांनी महिनाभर पुरेल इतक्यांदा ऐकलंय म्हणाल्या.

"शिला, त्यात तीन आवाज आहेत. एक तुझ्या आईचा. एक वरचा, पाहुणीचा. आणि एक तिसरा आहे, तो आधीच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. सूर अगदी वेगळा, मध्येच तुटतो, पुन्हा लागतो. वरचा आवाज याच तिसऱ्याला उत्तर देतोय, सगळ्यात जास्त. मला वाटतं त्या दिवशी दुसरं कोणीतरी आलं होतं. तू तिथे होतीस. तुला कोण दिसलं?"

याडी आज पहिल्यांदा कॅफेत आली आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बाच्या नावाची पाटी पदरानं पुसत होती. ती उतरवून मांडीवर घेतली होती तिनं.

मी फोनवर सांगितलं, "मॅडम, ती मी."